धोक्याची पाटी

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा बहुतेकांच्या अंगणात फटाक्यांच्या लाल कागदांचा सडा पडलेला असेल. त्या कपट्यांना सरकारदरबारी एक नाव आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. स्फोटक द्रव्यांच्या नियमांत शोभेच्या दारूची नोंद ‘वर्ग ७’ अशी आहे. शिवकाशीत भरलेला माल चंद्रपूरच्या बाजारात येतो तो एकामागून एक राज्ये ओलांडून; आणि या सगळ्या वाटेवर त्या मालाला स्फोटकांचा एकच कायदा लागू असतो. आज ही गोष्ट इतकी सहज वाटते, की तिच्याविषयी कोणी लेख लिहील अशी कल्पनाही येऊ नये. पण माझ्या लहानपणी आमच्या गावची नदी ओलांडली की कायदा बदलत असे. तो एक कसा झाला, आणि एक झाल्यावरही आमच्या जंगलातल्या एका रस्त्यावर तो कुठे अपुरा पडला, ते सांगावे म्हणून हा प्रपंच.

मी बल्लारपूरचा. जन्म १९४१ चा. वडील एका कोळसा खाणीत मेगझीनबाबू होते. मेगझीन म्हणजे सुरुंगाची दारू ठेवण्याचे कोठार. गावापासून दूर, भोवती मातीचा उंच बांध, दाराला दोन कुलपे. आत जाण्यापूर्वी काड्यापेटी बाहेर ठेवावयाची, लोखंडी खिळ्यांची पादत्राणे काढावयाची, पेटी उघडण्याची हत्यारेही ठिणगी न पाडणारी हवीत. किती कांड्या दिल्या, किती परत आल्या, याचा हिशेब वडील शाईने लिहीत. खाडाखोड झालेली त्यांना खपत नसे. आम्हा भावंडांना त्या नोंदवहीला हात लावण्याचीही बंदी होती. घरात देव्हाऱ्याखालोखाल सोवळे कशाचे असेल तर त्या वहीचे.

माझी मावशी राजुऱ्याला दिली होती. बल्लारपूर वर्धा नदीच्या पूर्वेला, राजुरा पश्चिमेला. मधले अंतर ते किती! पण त्या काळी आमच्या काठावर मध्यप्रांत-वऱ्हाडचे इंग्रजी राज्य होते, आणि मावशीच्या काठावर निजामाचे. राजुरा हैदराबाद संस्थानच्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडे. दोन्ही काठांखाली वर्धा खोऱ्यातलाच कोळसा. अलीकडे बल्लारपूरला खाण, पलीकडे सास्तीला खाण. कोळसा फोडावयाचा तर दोन्हीकडे सुरुंग लागणार. मात्र अलीकडच्या सुरुंगाला लागू असलेला कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा. पलीकडे अंमल निजाम सरकारचा, फर्माने त्यांची, परवाने त्यांचे. वडील म्हणत, “दारूला पोहता येते रे, कायद्याला येत नाही.” मला तेव्हा याचा अर्थ कळला नव्हता. नदीपलीकडून येणाऱ्या मावशीच्या ताकाच्या गाडग्याची कोणी झडती का घेत नाही, एवढेच मी विचारले होते म्हणतात.

बल्लारशा स्थानकावर हेच चित्र मोठ्या प्रमाणात दिसे. काझीपेठेपासूनचा लोहमार्ग १९२९ साली पुरा झाला आणि दिल्ली-मद्रास रस्ता आमच्या दारावरून गेला. इथे जी. आय. पी. संपे आणि निजामाची रेल्वे सुरू होई. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला तर दोन नव्हे, तीन राज्ये एकमेकांना भिडत. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते. ती सिरोंच्यापाशी गोदावरीत शिरते, आणि आणखी खाली इंद्रावती येऊन मिळते. प्राणहिता नि गोदावरी यांच्या पलीकडे निजाम, इंद्रावतीपलीकडे बस्तरचे संस्थान, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत इंग्रज. घासलेटच्या डब्यांनी भरलेली एखादी बैलबंडी दोन दिवसांत तीन सरकारांच्या हद्दीतून जाऊ शकत होती. डबा तोच, बैल तेच, वणव्याचे भय तेच.

आता हे कायदे आले कोठून, ते पाहू. १८७४ सालच्या ऑक्टोबरची २ तारीख. लंडनच्या रीजंट्स कालव्यातून पहाटे ‘टिलबरी’ नावाचा एक मालवाहू पडाव चालला होता. त्यावर सुमारे पाच टन बंदुकीची दारू, आणि तिच्या सोबतीला खनिज तेलाची पिंपे. तेलाची वाफ कुठल्याशा दिव्याशी वा शेगडीशी गेली, आणि पडाव एका पुलाखाली असतानाच उडाला. पडावावरचे लोक मेले, पूल कोसळला, आसपासची घरे खिळखिळी झाली. पुढच्याच वर्षी, १८७५ साली, विलायतेत स्फोटक द्रव्यांचा सर्वंकष कायदा झाला. त्याच धर्तीवर १८८४ साली हिंदुस्थानचा कायदा आला. आमच्या वडिलांच्या वहीचा मूळपुरुष तो हाच. तो इतका चिवट निघाला की राज्य बदलले, राज्यघटना आली, तरी त्याच्याखालचे नियम तेवढे १९४०, १९८३ आणि २००८ साली नव्याने लिहिले गेले; कायद्याचे खोड १८८४ चेच राहिले.

पण या कायद्याने एक खोड अशीही लावून दिली, जी आपल्याला शंभर वर्षे पुरली. लंडनच्या त्या पडावावर दारू आणि तेल एकत्र होते. कायदे मात्र प्रत्येक पदार्थाचा वेगळा, असे निघाले. स्फोटकांचा कायदा १८८४ चा. पेट्रोलियमचा १८८६ चा, मग १८९९ चा, मग १९३४ चा. विषांचा १९१९ चा. दिव्याचा वायू देणाऱ्या कॅल्शियम कार्बाइडचे नियम १९३७ चे, दाबाखाली भरलेल्या वायूच्या नळकांड्यांचे १९४० चे. ज्या पदार्थाने घात केला त्याचा कायदा, असा हा क्रम. बैल गेला नि झोपा केला, या म्हणीचे एवढे ढळढळीत उदाहरण दुसरे सापडावयाचे नाही. रेल्वेची वर्गवारी आणखी निराळी. धोकादायक मालाच्या तिच्या दरपत्रकाला ‘रेड टॅरिफ’ म्हणत. रेल्वेच्या वाघिणीतून उतरलेली पेटी बंडीवर किंवा मोटारट्रकवर चढली की तिला जणू नवा जन्म मिळे. कागद नवा, वर्ग नवा, अधिकारी नवा.

एकत्र माल भरण्याचा धोका किती भयंकर असतो, ते मुंबईने १४ एप्रिल १९४४ रोजी पाहिले. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज उभे होते. त्यात सुमारे १४०० टन स्फोटक माल होता, आणि त्याच जहाजात कापसाच्या हजारो गाठी. एरवी असा माल गोदीबाहेर, खोल पाण्यात उतरवून घेण्याचा दंडक होता. युद्धाच्या घाईत तो सैल केलेला. दुपारी कापूस धुमसू लागला आणि चारच्या सुमारास पहिला, मग अर्ध्या तासाने दुसरा प्रचंड स्फोट झाला. आग विझवावयास गेलेले बंबवाले साठाहून अधिक मेले. एकंदर मृतांचा आकडा शेकड्यांत. आजही १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. बल्लारपूरला ही बातमी पोहोचली त्या रात्री वडिलांनी मेगझीनला जाऊन कुलपे पुन्हा पाहिली, असे आई सांगे. आमचा मुलूख कापसाचा, आणि आमच्या घराची भाकर सुरुंगाची. ही दोन्ही एका जहाजात गेली होती, एवढे त्यांना पुरे झाले.

यानंतर कायद्यांचा मेळ घालण्याचे काम तीन पायऱ्यांनी झाले, असे मला दिसते. पहिली पायरी मुलखाची. १९४८ च्या आरंभी बस्तर मध्यप्रांतात विलीन झाले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला हैदराबादचा प्रश्न सुटला, आणि मावशीच्या घरावर तिरंगा चढलेला आम्ही नदीकाठावरून पाहिला. २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना अमलात आली. संघसूचीच्या ५ व्या नोंदीत स्फोटके केंद्राकडे गेली, ५३ व्या नोंदीत पेट्रोलियम व भडकणारे द्रव. पुढच्या वर्षी, १९५१ मध्ये, हैदराबादसारख्या ‘ब’ वर्ग राज्यांना केंद्राचे अनेक कायदे लागू करणारा एक स्वतंत्र कायदा झाला. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. राजुरा हैदराबादेतून सुटून आधी नांदेडला आणि १९५९ मध्ये चांद्याला जोडला गेला. नदीचे दोन काठ एका जिल्ह्यात आले. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १९६४ मध्ये चांद्याचे चंद्रपूर झाले, आणि १९८२ मध्ये जंगलाचा पूर्वभाग गडचिरोली म्हणून निराळा झाला.

मुलूख एक झाला, पण रस्त्यावरचा गोंधळ संपला नाही. स्फोटके केंद्राची, पण ती वाहणारे यांत्रिक वाहन समवर्ती सूचीत, ३५ व्या नोंदीत, विष त्याच सूचीत, १९ व्या नोंदीत, आणि रस्ता व त्यावरचा पोलीस राज्याचा. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याखाली नियम करण्याची बरीचशी सत्ता प्रांतांकडे होती, त्यामुळे एका प्रांताचे मोटारनियम दुसऱ्यासारखे नसत. एक ना धड भाराभर चिंध्या, म्हणतात ते असे.

दुसरी पायरी जगाची. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेने १९५३ साली धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठी तज्ज्ञांची एक समिती नेमली. तिच्या शिफारशी १९५६ साली, म्हणजे आमचा जिल्हा राज्य बदलत होता त्याच वर्षी, प्रसिद्ध झाल्या. पुढे त्यांचे नारिंगी वेष्टनाचे पुस्तक झाले. १९५७ साली जिनिव्हात युरोपच्या देशांनी रस्त्यावरील अशा वाहतुकीचा करार केला. तो १९६८ मध्ये अमलात आला. भारत त्या करारात नाही, पण शिफारशींची भाषा आपण हळूहळू उचलली. तिचे मर्म अगदी साधे होते. पदार्थ हजारो असतील, पण धोक्याच्या जाती मोजक्या. त्या नऊ वर्गांत बसवा. प्रत्येक पदार्थाला चार आकडी क्रमांक द्या. आणि वर्गाचे चित्र एका टोकावर उभ्या केलेल्या चौकोनात काढा, म्हणजे ज्याला अक्षर येत नाही त्यालाही ते कळेल.

याची गरज का होती, ते एका उदाहरणाने सांगतो. आपल्या स्फोटकांच्या नियमांत ‘वर्ग ३’ म्हणजे नायट्रोयुक्त द्रव्ये. खाणीतले जिलेटीन त्यात येते. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत ‘वर्ग ३’ म्हणजे भडकणारे द्रव. पेट्रोल त्यात येते. आपल्या पेट्रोलियमच्या कायद्यात आकडे नाहीतच. तिथे अ, ब, क. ज्या द्रवाची वाफ २३ अंशांखालीच पेट घेऊ शकते तो ‘अ’, २३ ते ६५ अंशांचा ‘ब’, त्यावरचा ‘क’. तेव्हा पेट्रोल ‘अ’ वर्गात, रॉकेल ‘ब’ वर्गात. म्हणजे गाडीवर नुसते ‘वर्ग ३’ लिहिले तर एका पुस्तकाप्रमाणे तो सुरुंग, दुसऱ्याप्रमाणे पेट्रोल. आग लागली असता एकापासून जीव घेऊन पळावयाचे असते आणि दुसऱ्यावर फेस मारावयाचा असतो. बल्लारशाच्या मालधक्क्यावर उभ्या असलेल्या हमालाने यातले कोणते पुस्तक वाचावे? २००८ च्या नियमांनी स्फोटकांना संयुक्त राष्ट्रांचे १.१, १.२ असे धोक्याचे विभाग दिले, तेव्हा ही गाठ बरीच सैल झाली. ती पुरती सुटली आहे असे मात्र नाही. खतात आणि खाणीच्या सुरुंगात सारखेच चालणारे अमोनियम नायट्रेट जगाच्या यादीत सामान्यतः ५.१ मध्ये, म्हणजे दुसऱ्याची आग भडकवणाऱ्या पदार्थांत बसते; आपण २०११ मध्ये ते स्फोटक ठरवले आणि २०१२ मध्ये त्याचे वेगळे नियम केले. त्याला कारणेही सबळ होती. पण मेळ घालणे हे काम एकदा करून संपत नाही, एवढे यावरून ध्यानी यावे.

तिसऱ्या पायरीला भोपाळ कारण झाले. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्रीनंतर देशाला एकदम उमगले, की धोका कारखान्याच्या भिंतीआड राहत नाही. १९८६ मध्ये पर्यावरणाचा कायदा आला. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ ला अमलात आला आणि त्याच्यासोबत केंद्रीय मोटार वाहन नियम आले. त्यांत १२९ पासून १३७ पर्यंतचे नियम धोकादायक मालाचे. पदार्थ कोणताही असो, राज्य कोणतेही असो, माल पाठवणाऱ्याची जबाबदारी कोणती, गाडीवाल्याची कोणती, चालकाची कोणती, हे प्रथमच एका जागी आले. गाडीच्या अंगावर एक मोठी पाटी हवी. तिच्यावर मालाचे नाव, वर्गाचा आकडा, चित्राचा चौकोन आणि संकटात कोणाला दूरध्वनी करावा ते. चौकोन २५० मिलिमीटरांहून लहान नसावा, अक्षरे ५० मिलिमीटरांहून लहान नसावीत, इथपर्यंत बारकावा. वडिलांनी हे वाचले असते तर त्यांना समाधान वाटले असते. ते तोवर राहिले नव्हते.

या पाटीची किंमत किती, ते आपल्याच राज्यातल्या एका घटनेवरून कळते. २९ ऑक्टोबर १९८७ ला पहाटे तीनच्या सुमारास राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ वर, कवठा गावाजवळ, पेट्रोलचा टँकर आणि एक ट्रक यांची टक्कर झाली. टँकर रस्त्याखाली कलंडला आणि गळू लागला. उजाडता उजाडता गावातली माणसे जमली. पेट्रोल वाहून चालले होते; कोणी ते भरून घेऊ पाहत होते, कोणी नुसते पाहत होते. सव्वासातच्या सुमारास स्फोट झाला आणि अनेकजण भाजून मेले. चार तास! या चार तासांत त्या माणसांना दूर ठेवणारे कोणी नव्हते. मृतांपैकी एकाच्या विधवेने पंधरा हजार रुपयांची भरपाई मागितली, तेव्हा प्रश्न असा निघाला की चार तास आडव्या पडलेल्या टँकरचा स्फोट हा वाहनाच्या ‘वापरातून’ झालेला अपघात म्हणावयाचा काय? न्यायाधिकरणाने नाही म्हटले, उच्च न्यायालयाने होय म्हटले, आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही होय म्हटले. टक्कर, गळती आणि स्फोट ही एकच साखळी मानली गेली. निकाल न्यायाचा झाला. पण साखळीची मधली कडी, ती गळती पाहत उभी असलेली माणसे, त्यांना कोणी काय सांगावयाचे, हे निकालपत्रातून कळण्याजोगे नव्हते. ते मला आठ वर्षांनी कळले.

१९९५ चा मार्च. मी शाळेत इतिहास शिकवीत असे. दहावीच्या परीक्षेच्या कामासाठी अहेरीहून सिरोंच्याला एस. टी. ने निघालो होतो. आलापल्लीपासून सिरोंचा सुमारे शंभर किलोमीटर, बहुतेक रस्ता जंगलाचा. गडचिरोली जिल्ह्याच्या वाट्याला रेल्वेचे स्थानक एकच, ते उत्तरेला वडसा. दक्षिणेकडे जे काही जावयाचे, मीठ म्हणा, औषध म्हणा, पेट्रोल म्हणा, ते याच रस्त्याने. जिमलगट्ट्याच्या अलीकडे एका वळणावर आमची गाडी थांबली. समोर एक टँकर चारी चाके दाखवीत रस्त्याकडेच्या चरात पडलेला. चालकाला गाडीतून काढून झाडाखाली निजवले होते. त्याला शुद्ध नव्हती. झाकणातून पेट्रोलची धार लागली होती आणि चरातून उतारावर चालली होती.

तो मोहफुलांचा हंगाम. बायका-पोरे टोपल्या घेऊन पहाटेपासून झाडांखाली वेचत असतात, आणि फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळून जागा साफ करतात. उताराच्या खालच्या अंगाला तीन-चार झाडांखाली असा धूर निघत होता. वेचणाऱ्या बायका टोपल्या टाकून टँकरपाशी आल्या होत्या. कोणी गुंड आणला होता, कोणी तेलाचा डबा. त्यांना तो वास ओळखीचा वाटत होता. रॉकेल त्यांच्या घरात होते, चिमणीत जळत होते. रॉकेल सांडले तर जवळ काडी ओढल्याखेरीज पेटत नाही, हे त्यांना ठाऊक होते, आणि ते खरेही आहे; तो ‘ब’ वर्ग. पेट्रोल ‘अ’ वर्गातले. त्याची वाफ उन्हात आपोआप उठते, हवेहून जड असते, जमिनीलगत सरपटत सखल जागी जाते आणि दूरवरच्या निखाऱ्यापाशी पेट घेऊन परत येते. २३ अंशांच्या त्या रेषेचा अर्थ मला त्या दिवशी प्रथम नीट समजला.

आमच्या चालकाने इंजिन बंद करून गाडी उतारावरून मागे घेतली. मी पुढे धावलो. टँकरची मागची पाटी वर आली होती. वर्ग, क्रमांक, चौकोन, नाव, दूरध्वनी, सगळे नियमाप्रमाणे. सगळे इंग्रजीत. दिलेला दूरध्वनी कित्येक मैल दूरच्या गावचा, आणि तिथे जंगलात दूरध्वनी कुठला! मी ओरडलो, “बाई, मागे व्हा, हे पेट्रोल आहे!” मग हिंदीत ओरडलो. कोणी हलले नाही. माझ्या अंगावरचे कपडे पाहून, हा मालावर हक्क सांगायला आलेला कोणी बाबू असावा, असे त्यांना वाटले असेल.

गाडीत आश्रमशाळेतली एक मुलगी होती, परीक्षेलाच चाललेली. ती माझ्या मागोमाग उतरली होती.

“सर, त्यांना मराठी नाही समजत जी. मी सांगते.”

ती माडियात काही बोलली. तिच्या बोलण्यात ‘पेट्रोल’ हा शब्द मी ओळखला; पण त्या बायकांना तो नवा असावा. एकीने डबा दाखवून काहीतरी म्हटले आणि सगळ्या हसल्या. तेव्हा ती मुलगी पाटीपाशी गेली. तांबड्या चौकोनातल्या ज्वाळेवर तिने हात ठेवला आणि म्हणाली, “किस!” माडियात किस म्हणजे आग. मग तिने चरातल्या धारेकडे बोट केले आणि ते तसेच उतारावरून खाली मोहाच्या झाडांपर्यंत ओढत नेले. “किस!”

त्या बायका एका क्षणात फिरल्या. पण त्या नुसत्या पळाल्या नाहीत. पोरांना रस्त्यावर हाकलून, आडव्या वाटेने झाडांकडे धावल्या, हिरवे डहाळे मोडून त्यांनी ते जळते पाचोळे झोडपून विझवले, वर माती टाकली. जंगलची आग कशी विझवावी, हे त्यांना कोणी शिकवावयास नको होते. ती कोठे आहे, एवढेच सांगावयाचे होते. दुपारनंतर पोलीस आले, दुसरा टँकर आला, चालकाला दवाखान्यात नेले. काही घडले नाही, म्हणून त्याची बातमीही झाली नाही.

परत आल्यावर मी नियमांचे पुस्तक मिळवून वाचले. नियम ९ सांगतो, की धोकादायक माल नेणाऱ्या चालकास राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली निदान एक भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यावी. शिवाय त्याने ठरलेला अभ्यासक्रम पुरा केलेला असावा. नियम वाईट नाही. पण तो लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पाटीचा वाचक होता तो चालक, पोलीस, बंबवाला. आमच्या रस्त्यावर चालक बेशुद्ध होता, पोलीस दुपारी आला, आणि बंबाचे तर नावच नको. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पाटीपाशी सर्वांत आधी पोहोचल्या त्या मोह वेचणाऱ्या बायका. त्यांची भाषा आठव्या अनुसूचीत नाही. त्या अनुसूचीत आरंभी चौदा भाषा होत्या, पुढे बावीस झाल्या. गोंडी त्यांत आली नाही. सिरोंच्याकडे तेलुगू चालते, मुलचेऱ्याकडे निर्वासित बंगाली आहेत, सीमेवर छत्तीसगडी आहे. एवढ्या भाषांच्या मुलखात लंडनपासून दिल्लीपर्यंत सव्वाशे वर्षे खपून केलेल्या कायद्याचे एकच अक्षर उपयोगी पडले, ते म्हणजे ज्वाळेचे चित्र. आणि तेही आपणहून बोलले नाही. एका पोरीने त्यावर हात ठेवला तेव्हा बोलले.

म्हणून मला वाटते, की कायद्यांचा मेळ घालण्याची चौथी पायरी अजून चढावयाची आहे, आणि ती शाळेची आहे. मी निवृत्त होईपर्यंत दरवर्षी फळ्यावर चार चौकोन काढीत असे. एकात ज्वाळा, एकात फुटणारा गोळा, एकात कवटी, एकात हातावर नि धातूवर सांडणारे तेजाब. मुलांना त्यांची नावे मराठीत विचारीत असे, आणि ज्यांच्या घरी दुसरी बोली असेल त्यांना त्या बोलीत. हा अभ्यासक्रमातला भाग नव्हता. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी, इतिहासाच्या तासाला हे काय, असे विचारलेही होते. इतिहासच आहे, असे मी त्यांना सांगितले. त्यांना ते पटले की नाही, ठाऊक नाही.

आता तो रस्ता राष्ट्रीय महामार्ग झाला आहे. जिथे डोंगे चालत तिथे प्राणहितेवर आणि गोदावरीवर पूल झाले. पलीकडे निजामाच्या जागी तेलंगण आहे, बस्तरच्या जागी छत्तीसगड. टँकर पूर्वी आठवड्याला एखादा दिसे, आता रोज दिसतात. तिन्ही राज्यांत पाटी सारखीच असते. मार्च महिन्यात मोह मात्र पूर्वीसारखाच गळतो, आणि झाडाखालचा पाचोळाही पूर्वीसारखाच पेटवला जातो.